सरकारी पाणमांजर

३ फेब्रुवारी, मंगळवार

पडले! टाकीत! मंत्र्यांच्या डोळ्यांदेखत!

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं उद्घाटन होतं. केंद्र दोन वर्षांपासून चालूच आहे, मंत्र्यांना तारीख मिळत नव्हती एवढंच. म्हणजे दोन वर्षं नदीत बिनउद्घाटनाचंच स्वच्छ पाणी जात होतं, बिचारं. मी नेहमीसारखी फितीच्या डावीकडे उभी, हात हलवत. हात म्हणजे पंजे. पाणमांजराचे.

इथे तरी सरळ लिहून टाकते, दुसरीकडे कुठे लिहिणार? मी पर्यावरण मंत्रालयात पाणमांजर आहे. आमची नाटक कंपनी बुडाली तेव्हा जाहिरात पाहिली होती — ‘जनजागृती सहायक. उंची मध्यम. उकाडा सहन होणे आवश्यक.’ त्या उकाड्यावरूनच मला शंका यायला हवी होती. आपल्या नदीत एकेकाळी पाणमांजरं होती म्हणे. आता नाहीत. म्हणून मी.

तर मंत्र्यांनी फीत कापली, मी टाळ्या वाजवत एक पाऊल मागे गेले आणि मागे जमीनच नव्हती! शेपूट कठड्यात अडकलं म्हणून क्षणभर उलटी लोंबकळले. मग शेपूट उसवलं. जिवावरचं शेपटावर निभावलं — ही म्हण इतकी शब्दशः कुणी भोगली असेल असं वाटत नाही.

ऑपरेटरने पानं काढायच्या जाळीने मला काठाला ओढलं. “घाबरू नका, ही शेवटची टाकी आहे. पाणी स्वच्छ आहे. पहिलीत पडला असतात तर मी असा जवळ आलो नसतो.”

मंत्री म्हणाले, “वा! काय जिवंत सादरीकरण! शाब्बास रे गड्या!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत बाईमाणूस आहे हे आजवर एकाही मंत्र्याला कळलेलं नाही. हा तिसरा.

४ फेब्रुवारी, बुधवार

पेपरात फोटो. पहिल्या पानावर. हवेत दोन पाय आणि अर्धं शेपूट.

अण्णांनी तो चहाबरोबर वाचला आणि चहा गार झाला. अण्णा म्हणजे माझे सासरे. आयुष्य लेखापरीक्षणात गेलं. सरकारी खर्चातली चूक त्यांना माशीसारखी दिसते आणि ती मारल्याशिवाय झोप येत नाही. निवृत्त झाले, पण माशा कुठे निवृत्त झाल्यात!

“हे बघ! जनतेच्या पैशाने माणसाला मांजर करून ठेवलंय! आणि मांजर कधी पाण्यात जातं का?”

“पाणमांजर आहे, अण्णा. वेगळं असतं.”

“तू तिथेच आहेस ना? ओळखतेस का या गाढवाला?”

“तोंडओळख नाही.” खोटं नव्हे. आतून आरशात स्वतःचं तोंड दिसतच नाही.

सांगायला हवं होतं, कबूल. पण मला नोकरी लागली तेव्हा हा माणूस बागेतल्या बाकांवर घरोघरी गेल्यासारखा फिरून सांगत होता — “सून मंत्रालयात लागली! नाटकाचं खूळ सुटलं एकदाचं!” असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. मग कुठल्या तोंडाने सांगू, की अण्णा, मंत्रालयातच आहे, पण फर घालून?

नवऱ्याला माहीत आहे. तो हसतो. त्याला हसायला काय जातंय!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पोशाख धुवायला घरी आणला होता. टाकीचं पाणी स्वच्छ असेल, पण आतला घाम माझाच. वाळल्यावर घडी करून सोफ्याजवळ ठेवला आणि अण्णांनी विचारलं, “हे काय?”

“गालिचा.” तोंडातून निघून गेलं.

“बरा मऊ आहे.”

संध्याकाळभर अण्णा पाणमांजरावर पाय ठेवून पाणमांजराविरुद्ध संपादकांना पत्र लिहीत बसले होते. मधेच म्हणाले, “उधळपट्टीतला ‘उ’ पहिला की दुसरा गं?”

मी सांगितला. मीच.

८ फेब्रुवारी, रविवार

पत्र छापून आलं! मथळा — ‘मांजर पाण्यात, पैसा पाण्यात’. अण्णांनी पेपरच्या सहा प्रती आणल्या. ज्या माणसाने वर्षानुवर्षं पेपर शेजाऱ्यांचा वाचला, त्याने सहा प्रती!

११ फेब्रुवारी, बुधवार

आगीतून फुफाट्यात. विरोधी बाकावरचा एक खासदार आहे, आवाजामुळे आमच्या ऑफिसात त्याला भोंगा म्हणतात. त्याने अण्णांचं कात्रण भर संसदेत फडकवलं. पर्यावरणाच्या खर्चावर चर्चा होती. सरकारच्या एका रुपयातला अर्धा पैसा या कामाला मिळतो. त्या अर्ध्या पैशात नद्या, जंगलं, हवा, कचरा, आणि कोपऱ्यात कुठेतरी मी. दिवसभर चर्चा फक्त माझ्यावर! भोंगा म्हणाला, “देश तहानलेला असताना सरकार मांजर पोसतंय!” सत्ताधारी बाकांवरून कुणीतरी ‘म्याँव’ केलं. गोंधळ. कामकाज तहकूब.

नवरा घरी आल्या आल्या कौतुकाने म्हणाला, “अगं, तुझ्यामुळे संसद बंद पडली!”

उपसचिव बाईंनी मात्र बोलावून घेतलं. बाई चांगल्या आहेत. या मंत्रालयात पाण्याविषयी पाणी म्हणून बोलणारी ती एकच व्यक्ती, बाकी सगळे ‘जलघटक’ म्हणतात. आज त्या हसत नव्हत्या.

“तुमची चिंता मला नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या नावाखाली हे लोक शुद्धीकरण केंद्र चालवायचे पैसे कापणार. मांजराची थट्टा करता करता केंद्राला कुलूप. कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

केंद्र बंद म्हणजे सगळ्या शहराचं सांडपाणी पुन्हा थेट नदीत. आणि हे सगळं का, तर मी मागे न बघता एक पाऊल टाकलं म्हणून!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जेवण गेलं नाही. अण्णांनी दोनदा वाढून घेतलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

संसदेची समिती सुनावणी घेणार आहे. पर्यावरणावरच्या खर्चाची. भोंग्याची मागणी — “त्या प्राण्याला समितीपुढे हजर करा!” मान्य झाली. म्हणजे मी जाणार. पोशाखात.

घरी येऊन बघते तर अण्णा कोटाला इस्त्री करताहेत. मानेची शीर ताठ.

“बोलावणं आलंय! समितीपुढे! ‘जागरूक नागरिक’ म्हणून! त्या मांजराला समोरासमोर विचारणार आहे मी.”

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. नवरा पाठोपाठ आला. मला वाटलं धीर द्यायला. तो नळ सोडून, तोंडात टॉवेल कोंबून हसत होता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लिहिते. सगळं लिहिते. हसतेय की रडतेय ते मलाच कळत नाही.

सकाळी अण्णा म्हणाले, “तुला ऑफिसला जायचंच आहे ना, बरोबर जाऊ.” मला नाही म्हणता येईना. माझ्या हातात ती भली मोठी पिशवी.

“हे काय घेतलंस?”

“गालिचा. ड्रायक्लीनिंगला टाकते जाता जाता.”

“जड आहे, दे इकडे.”

आणि अण्णा पाणमांजर काखोटीला मारून बसमध्ये चढले! सगळा रस्ता मांडीवर घेऊन बसले होते. वर त्यावर कोपर टेकून मला वाचून दाखवत होते, आज मांजराला काय काय सुनावणार ते. इमारतीच्या दारात पिशवी माझ्या हातात दिली. “सांभाळून ने. आणि येतेस का ऐकायला? सासरा बोलणार आहे.”

“प्रयत्न करते,” मी म्हणाले.

बायकांच्या स्वच्छतागृहात पोशाख चढवला. बाहेर आले तेव्हा एक पट्टेवाली किंचाळली. तिची माफी मागता आली नाही. पोशाखात बोलायचं नाही हा मंत्रालयाचा नियम आहे. पाणमांजर बोलत नसतं.

लांबलचक टेबल. एका बाजूला समिती, दुसऱ्या बाजूला मंत्री, बाई आणि मी. समोरच्या खुर्चीत अण्णा, माझ्यापासून दोन हातांवर! अण्णांना लांबचं धड दिसत नाही आणि मुलाचं चष्म्याचं दुकान असून ते नवा चष्मा करत नाहीत — “सवलत दिली तरी खर्च तो खर्चच.” पण दोन हातांवरचं दिसतं. त्यांनी मला असं रोखून पाहिलं की मी आतल्या आत पदर सावरला. पदर नव्हता.

भोंगा सुरू झाला. देश, तहान, मांजर. मग अण्णांची पाळी. उभे राहिले, घसा खाकरला, कागद काढला. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यातला छोटा पंखा बंद पडला! त्या टोपात पंखा नसला की आत भट्टी. मी डुलायला लागले. उजवीकडे. मग डावीकडे.

अण्णा थांबले. कागद खाली ठेवला.

“याला पाणी द्या,” ते म्हणाले.

अध्यक्ष म्हणाले, “आपण आपलं निवेदन—”

“निवेदन कुठे पळून जात नाही. कर्मचारी आहे तो. पाणी द्या आधी.”

कुणी हलेना. मग अण्णांनी स्वतःची बाटली काढली, कुणाच्या तरी सरबताच्या ग्लासातली नळी उचलली, टेबलाला वळसा घालून आले आणि पाणमांजराच्या दातांमधून नळी आत सरकवली. “घे रे बाळा. सावकाश पी. ठसका लागेल.”

बाळा! अठरा वर्षांत मला असं कधी म्हणाले नाहीत. मी प्यायले. आत माझ्या डोळ्यांतून काय काय वाहत होतं ते एका सरकारी पोशाखालाच माहीत.

मग जागेवर जाऊन त्यांनी पुन्हा तोच चढा सूर लावला. “आता सांगा! या मांजरावर खर्च किती?”

बाईंनी आकडा सांगितला.

“महिन्याला?”

“वर्षाला. पगार, पोशाख, बसभाडं, सगळं धरून.”

अण्णांचे ओठ हलत होते. मला ते हलणं ओळखीचं आहे, भाजीवाल्याकडे असेच हलतात.

“एवढ्यात,” ते हळूच म्हणाले, “तुमच्या या खोलीचे पडदेसुद्धा धुऊन होणार नाहीत.” मग भोंग्याकडे वळले. “साहेब, तुम्ही दोन दिवस ज्याच्यावर ओरडलात ते हे? अहो, हे तर फुकट आहे! मग बाकीचा पैसा कुठे गेला?”

मंत्री बाईंकडे बघायला लागले. बाई छताकडे.

“मोठा वाटा रस्ते खात्याला,” शेवटी बाई म्हणाल्या. “दुभाजक हिरवे करण्यासाठी.”

“झाडं लावली?”

“नाही.”

“गवत?”

“रंग,” बाई म्हणाल्या. “हिरवा रंग दिला.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अण्णा हसले नाहीत. मटकन खुर्चीत बसले. “चोर सोडून संन्याशाला फाशी,” ते स्वतःशीच पुटपुटले. “आणि दोरी मी दिली.” आयुष्यात अण्णांनी चूक मान्य केलेली मी पाहिली नव्हती. आज पाहिली, तीही फरच्या दोन भोकांमधून.

पण भोंगा तो भोंगाच. त्याने लगेच सूर फिरवला — “रंगाचं नंतर बघू! या शुद्धीकरण केंद्राचा उपयोग काय ते सांगा! इतका पैसा ओतलात, नदी सुधारली म्हणता, मग नदीत एक तरी पाणमांजर दाखवा! खरं! हे असलं नको!”

अध्यक्षांना हे फार आवडलं. घड्याळाकडे बघत म्हणाले, “बरोबर. केंद्राचा नदीला फायदा झाल्याचा ठळक पुरावा पुढच्या बैठकीपर्यंत द्यावा. नाहीतर चालवायचं अनुदान थांबवावं लागेल.” पुढची बैठक दोन मार्चला, सोमवारी.

बाई म्हणाल्या, “पाण्याच्या तपासण्यांचे अहवाल आहेत—”

“अहवाल कोण वाचतं?” भोंगा म्हणाला. त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना अण्णा अचानक म्हणाले, “तो मांजरवाला. सभ्य माणूस आहे. एवढं बोललो, एक शब्द उलट बोलला नाही. मान खाली घालून बसला होता.”

मी वरण ढवळत राहिले.

“शीक काहीतरी त्याच्याकडून,” अण्णा म्हणाले.

नवरा ठसका लागून बाहेर गेला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

उपग्रहाची चित्रं, माशांच्या नोंदी, पाण्याच्या बाटल्या — बाईंनी टेबलभर मांडलंय. मंत्री येऊन बघून गेले. “यात चेहरा नाही,” म्हणाले. “लोकांना चेहरा लागतो.” मग माझ्याकडे बघून थांबले. मी नेमकी पोशाखात होते, शाळेच्या कार्यक्रमाहून आलेली.

“हा नदीत उतरला तर?”

बाई म्हणाल्या, “म्हणजे?”

“पहाटे. लांबून फोटो. थोडा धूसर. पाण्यात फक्त डोकं. कोण सांगणार खरं की खोटं? केंद्र वाचेल, नदी वाचेल, आपणही. काय गड्या, पोहता येतं ना?”

सवयीने मान हलवली. पोहता येतं. टोप वजनदार आहे, ‘हो’ म्हटलं की फार मोठा ‘हो’ होतो.

“ठरलं! शुक्रवारी सकाळी,” मंत्री म्हणाले आणि गेले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

झोप नाही. नवऱ्याशी बोलले. तो पहिल्यांदाच हसला नाही.

“जाशील?”

“केंद्र बंद पडेल रे नाहीतर.”

“आणि पकडलं गेलं तर?”

तेच! पकडले गेले तर भोंगा म्हणेल मांजर खोटं, म्हणून पाणीही खोटं, अहवालही खोटे. मग केंद्रच काय, नदीसाठी कुणी अर्धा पैसाही मागायला जाणार नाही. आणि नाही पकडले गेले तरी? ज्या माणसाने मला भर समितीत नळीने पाणी पाजलं, त्याच्याच देशाला मी खोटं शेपूट दाखवू? दिवसभर ते खोटं शेपूटच तर हलवते मी, हेही खरं. पण ते सगळ्यांना ठाऊक असतं. शाळेतल्या पोरांनासुद्धा. तो नाटकाचा करार आहे. हा नाही.

“नाही जाणार,” मी म्हणाले.

“मग अण्णांना पण सांगून टाक,” तो म्हणाला. “एकाच दिवशी दोन्ही धाडसं उरक.”

एक एक करून. एक एक!

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंना सांगितलं — मी उद्या येणार नाही. मला वाटलं ओरडतील.

त्यांनी दार लावलं. “तुम्ही नाही आलात तर मंत्री तो पोशाख दुसऱ्या कुणाला तरी घालतील. ड्रायव्हरला वगैरे.”

“मग?”

“धुवायला झालाय ना तो?” बाई कागदांत डोकं घालून म्हणाल्या. “घरी न्या. नीट धुवा. सोमवारपर्यंत वाळणार नाही इतका धुवा.”

पिशवी घेऊन पळाले. आता बाल्कनीत लटकतोय, टपटप ठिबकतोय. अण्णांनी विचारलं, “ड्रायक्लीनिंगवाल्याने नीट केला नाही वाटतं?” तेव्हाच सांगणार होते. तोंड उघडलं. “नाही, चोर आहे तो,” असं बाहेर पडलं. बिचारा ड्रायक्लीनिंगवाला, जो जन्मालाच आलेला नाही!

केंद्राचं काय होणार, माझ्या नोकरीचं काय होणार, काही कळत नाही. पण आज पोटभर जेवले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी गाऊनमध्येच बसले होते. अण्णा नदीकडून फिरून आले, लालबुंद.

“मी त्याला सभ्य म्हणालो होतो! तुझा तो मांजरवाला! केंद्राच्या खालच्या पुलाजवळ नदीत डुंबतोय, कामाच्या वेळेत! मी वरून हाका मारल्या, ढुंकून बघितलं नाही. उताणा पडून मासा खात होता — कच्चा, काट्यासकट! आणि वर दोन पोरं घेऊन आलाय बरोबर, तसलेच पोशाख घालून! एवढे एवढे! पोरांच्या पोशाखाचा खर्च कुणी मंजूर केला?”

बाल्कनीत पाहिलं. आमचा पोशाख दोरीवरच आहे. ओला.

बाईंना फोन लावला. चपला सापडेनात. अण्णांचा हात धरून तशीच निघाले.